कांताबाईची गुलछडी

कांताबाईचं अंगण कोणालाही न विचारता सापडायचं, नुसत्या नाकानं. चामोर्शीकडच्या त्या धानाच्या गावात लोक कुंपणाला फार तर वाल चढवतात; या बाईनं गुलछडी लावली होती. नवरा देवाजी असताना त्यानंच ब्रह्मपुरीहून पिशवीभर गड्डे आणले होते. तो गेला, गड्डे वाढत राहिले. उन्हाळ्यात ती ते उकरायची, पिल्लं सुटी करायची, सावलीत वाळवून पुन्हा लावायची. पाणी साचू द्यायची नाही, शेळी फिरकू द्यायची नाही. स्वतःच्या गुडघ्यांची एवढी काळजी घेतली असती तर बाई पळत सुटली असती. पहिली छडी बुद्धविहारात जायची, दुसरी शेजारच्या आचलच्या वेणीत.

आचल ही देवकाबाईची लेक, सातवीतली. बाप तळ्यावर मासे धरायचा. पोरगी मात्र कुंपणातल्या फटीतून सदा कांताबाईकडे. आपल्याला लेक नाही, हे कांताबाई विसरूनच गेली होती.

भाद्रपदात खाली जमिनीवर झोपलेल्या आचलला मण्यार साप चावला. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

मयतीला आलेली ठमाबाई बोललीच. तिच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. "गुलछडीच्या वासानं साप येते. मी कोणाले नाव नाई ठेवत, पण येते."

हे खोटं आहे, हे कांताबाईला ठाऊक होतं. साप उंदरामागं येतो, वासामागं नाही, असं विहारात तीच बायकांना सांगायची. पण त्या दिवसापासून ते बोल तिच्या कानातून जाईनात. त्यात देवकाबाई दिसेना. हाक मारली तर ओ नाही. जिवाभावाची शेजारीण आपल्याला दोष देते आहे, असं तिच्या मनानं घेतलं. आणि विचारायचं तरी कसं? तुझी पोर माझ्या फुलांनी मारली का, असं?

एका सकाळी तिनं कुदळ घेतली. छड्या कळ्यांनी वाकल्या होत्या. रडत रडत तिनं सगळी गुलछडी गड्ड्यांसकट उपटली आणि टोपली भरभरून गावामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्याच्या पाण्यात लोटली. देवकाबाईच्या डोळ्यांना ती फुलं पुन्हा दिसू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

तेरवीच्या सकाळी देवकाबाई फटीतून आत आली. चेहरा सुकलेला, हातात रिकामं ताट.

"कांताबाई, पोरीच्या फोटोले छड्या दे वं. दुसरं फूल तिले चालतच नव्हतं."

मग तिला उकरलेली माती दिसली. "काऊन काढली वं?"

"मले वाटलं, तू... सापाचं..."

"ते त लोकं बोलून राह्यले होते," देवकाबाई म्हणाली. "मी कुठी बोलली?"

कांताबाई खाली बसली आणि एखादा गड्डा राहिला असेल म्हणून दोन्ही हातांनी माती चाचपू लागली. ताट बाजूला ठेवून देवकाबाईही तिच्याजवळ बसली. दोघींनी सगळा वाफा उलथापालथा केला. हाती काही लागलं नाही.