गोधडीचे थर

सिंगापूरमध्ये गोधडी कशाला लागते, असं मी आईला तोंडावर विचारलं होतं. बाबा गेल्यावर पुण्याचं घर बंद करून ती आमच्याकडे पुंगोलला कायमची राहायला आली, ती बॅगभर जुन्या साड्या घेऊनच. आल्या आल्या नातीसाठी गोधडी शिवायला बसली. आणि लागली की हो गोधडी! आमची कन्या शाळेतून आली की एसी अठरावर लावणार आणि गोधडीत गुरफटून अभ्यास करणार. बाहेर जीव उकडून निघतोय आणि ही बया पांघरूण घेऊन बसलीय!

आईला एसी सोसत नाही. "त्या फ्रीजमध्ये माझे गुडघे धरतात," म्हणत ती शेजारच्या खोलीत खिडकी सताड उघडी टाकून दुपारची पडायची. एसीचा बाहेरचा डबा नेमका त्या खिडकीखाली. त्याची गरम हवा भसाभसा आत. दहादा सांगून झालं, पण ऐकेल ती माझी आई कसली. आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर एक चिनी आजी एकट्या राहतात. त्याही एसी लावत नाहीत. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी संध्याकाळी खाली बाकावर शेजारी बसून वारा घेत असतात.

एकदा लेक परीक्षेसाठी ग्रीनहाऊस इफेक्ट पाठ करत होती. आईने विचारलं, हे काय गं?

"पृथ्वीवर ब्लँकेट असतं, आजी. गॅसेसचं. ते नसतं तर सगळं फ्रीझ झालं असतं. बट आपण कोळसा, गॅस, पेट्रोल जाळतो ना, सो ते जाड होत चाललंय."

"मग उसवून काढा की दोन थर."

"कॅनॉट लाह, आजी!" लेकीने इथल्या सिंगापुरी इंग्रजीत उडवून लावलं.

आई हसली नाही. "उसवता येत नाही, तर वर टाके घालताय कशाला?"

त्या आठवड्यात नुसतं आभाळ भरून यायचं, पाऊस नाही. दुपारी लेकीचा ऑफिसात फोन आला, "मम्मा, आजी नीट बोलतच नाहीये." मी तशीच घरी धावले. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात सलाइन लावलं. उष्णतेने झालंय, म्हणाले डॉक्टर, पुन्हा झालं तर या वयात हृदयाला झेपणार नाही, एसीतच ठेवा. मी भयंकर घाबरले होते. आणि चिडलेही होते, पण कोणावर ते कळेना.

घरी आणून तिला नातीच्या खोलीत बसवलं. स्वेटर, पायमोजे, कानाला स्कार्फ, वर तिचीच गोधडी. लेक तिला बिलगून बसली. मी एसी लावला. बाहेरचा डबा घुरघुरायला लागला. हुश्श केलं मी.

आई कान देऊन ऐकत होती. "आपली ही गरम हवा वर त्या आजींकडेच जात असेल, नाही गं?"

"जात असेल थोडीफार."

"परवा बाकावर त्यांना नुसती धाप लागत होती." तिने हात पुढे केला. "बंद कर बाई. मी आता बरी आहे."

मला माझी आई हवी होती, बस्स. मी रिमोट कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.