तिचा हात थरथरला नव्हता

गणपती गावाला गेले की आमच्या घराच्या खिडक्या कुरकुरायला लागतात. पावसाळाभर खाऱ्या वाऱ्यात भिजलेल्या बिजागऱ्यांना तेव्हा कुठे कण्हायची सवड मिळत असावी. दरवर्षी मी एका वाटीत जुनं खोबरेल घेतो आणि चिंधी बुडवून एकेक बिजागरी पुसत जातो. यंदा घरातलं तेल बरंच खवट झालेलं होतं. चिंधीवर तांबूस गंज उतरला, आणि गंजाचा नि खवट तेलाचा मिळून एक वास नाकात शिरला. मी खिडकीशीच खुर्ची ओढून बसलो. त्या वासाला माझ्या लेखी एकच नाव आहे. आमच्या व्यायामशाळेतली संध्याकाळ.

व्यायामशाळा कसली, समुद्राच्या बाजूचं एक पडीक कौलारू गोदाम होतं ते. मी शाळेत पीटीचा मास्तर. शाळा सुटली की तिथं मुलींना वेटलिफ्टिंग शिकवायचो. समुद्राकाठी लोखंड एका रात्रीत म्हातारं होतं. आज चकचकीत पुसून ठेवलेला बार उद्या सकाळी तांबडा पडलेला असतो. म्हणून सराव संपला की मुलींनी सगळे बार आणि सगळ्या प्लेटा तेलाने पुसायच्या असा आमच्याकडे दंडक होता. तेल त्यांच्या आया पाठवायच्या, स्वयंपाकात चालणार नाही असं. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आत यायचं, हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचे कण त्या उन्हात तरंगत राहायचे आणि ओळीने बसलेल्या मुली बार पुसता पुसता गप्पा मारायच्या. पुढे आयुष्यात मला बऱ्यापैकी स्वस्थता मिळाली, पण तशी संध्याकाळ काही पुन्हा मिळाली नाही.

ती त्यातलीच एक. वडील जहाजावर खलाशी, वर्षातले थोडेच दिवस घरी. लहानपणी आंबे पाडताना जांभ्याच्या गडग्यावरून, कुंपणाच्या दगडी भिंतीवरून, खाली पडली आणि उजवं कोपर मोडलं. गावातल्या हाडवैद्याने ते बांधलं, हाड जुळलंही, पण कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालं नाही. हात ताणला तरी किंचित बाक राहायचाच, भरल्या फांदीला असतो तेवढा. तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा आई दारातच म्हणाली, "सर, हिला घागर सरळ धरता येत नाय, आनि तुमी लोखंड देताव हातात?" मुलगी मात्र तोवर आत जाऊन बारला हात लावून मोकळी झाली होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. वजन डोक्यावर गेलं की दोन्ही कोपरं पूर्ण सरळ व्हावी लागतात. बाक दिसला की पंच लाल दिवा देतात, नाहीतर पांढरा; तिघांपैकी दोघांचा लाल पडला की ती उचल बाद होते. पण एखादीचं कोपर मुळातच सरळ होत नसेल, तर स्पर्धा सुरू होण्याआधी ते पंचांना दाखवून ठेवायचं असतं. मग तो बाक दोष धरत नाहीत. आधी दाखवणं मात्र सक्तीचं. नंतर सांगून उपयोग नसतो.

तेव्हा प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी आमचा एक ठरलेला विधी असे. मी म्हणायचो, "चल, हात दाखवून येऊ." आम्ही पंचांच्या खोलीत जायचो, ती दोन्ही हात पुढे ताणून उभी राहायची आणि पंच कोपर चाचपून मान डोलवायचे. बाहेर आलो की बाकीच्या मुली विचारायच्या, "काय गो, काय म्हणाले ज्योतिषी?" ही गंभीर तोंड करून सांगायची, "परदेशगमन आहे म्हणाले. पण गुरू जरा वक्री आहे." आणि माझ्याकडे बघून खुदकन हसायची. गुरू म्हणजे मी. किती वेळा ऐकला असेल तो विनोद! आज कुणी पुन्हा ऐकवला तर मी काय वाटेल ते देईन.

तिच्या वजनगटात देशभरात तिच्या तोडीची एकच मुलगी होती. ईशान्येकडच्या डोंगरातली. बुटकी, रुंद खांद्यांची, अबोल. एका वर्षी ही जिंकायची, एका वर्षी ती. दोन्ही राज्यांच्या संघांत विस्तव जात नसे. जेवणाच्या हॉलमध्येही टेबलं लांब लांब धरलेली, आणि आमचे मॅनेजर बजावायचे, "तिकडे बघायचंसुद्धा नाही." पण या दोघींचं काहीतरी वेगळंच चालायचं. ही घरून आणलेली फणसाच्या वाळवलेल्या रसाची साठं तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. तिने एकदा हातमागावरचा रुमाल दिला, तो ही मनगटाला बांधून उचलायला जायची. दोघींना धड समजेल अशी एकही भाषा नव्हती. वॉर्मअपला शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींच्या बारवर किती प्लेटा चढताहेत हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोजायच्या, आणि एकीची उचल पडली की दुसरीच्या तोंडून आधी हळहळ बाहेर पडायची.

मी निवृत्तीला आलो त्या सुमाराला राष्ट्रीय पंचांची परीक्षा उत्तीर्ण झालो. निळा ब्लेझर मिळाला, खिशावर बिल्ला. रत्नागिरीच्या हवेत ब्लेझर म्हणजे बुरशीला आमंत्रणच. तो मी डांबरगोळ्यांत घालून ठेवायचो आणि अधूनमधून कपाट उघडून नुसता बघायचो. आयुष्यभर शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर धावलेल्या माणसाला त्या कपड्याचं काय वाटलं असेल हे ज्याचं त्याने समजावं. आणि माझी पहिलीच मोठी नेमणूक आली ती राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीची, उत्तरेकडच्या एका शहरात. तिच्या वजनगटात परदेशी जाणाऱ्या संघात जागा एकच. दावेदार दोघी. आणि समोरच्या तीन पंचांमध्ये एक मी.

त्या सकाळी मी पंचांच्या खोलीत चहा घेत होतो. दारात ती आली. आत यायची तिला मुभा नव्हती. तिने काही न बोलता उजवा हात जरासा पुढे ताणला, तळवा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. आता तिच्याबरोबर जाणारं कुणी नव्हतं. संघाचा मॅनेजर नवा होता, त्याला यातलं ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. ती निश्चिंत होऊन निघून गेली.

शेजारचे एक ज्येष्ठ पंच हसून म्हणाले, "मास्तर, आपल्या गावची दिसते पोरगी?" कपातला चहा हिंदकळला. मी म्हणालो, "छे हो, हा कोट चढवला की गावबीव काही राहत नाही." सगळे हसले. कुणीतरी पाठीवर थाप मारली. आणि त्यानंतर उठून 'त्या मुलीचं कोपर बघून घ्या' असं सांगायला माझी जीभ रेटेना. सांगू, थोड्या वेळाने सांगू, असं म्हणत राहिलो. घंटा झाली, आम्ही रांगेने बाहेर गेलो आणि खुर्च्यांवर बसलो.

तिची शेवटची उचल मला आजही जशीच्या तशी दिसते. डोंगरातल्या मुलीच्या वर जायला तेवढी एकच उचल हवी होती. तिने बार खांद्यावर घेतला, खाली बसली, उठली. श्वास घेतला. मग एका झटक्यात वजन डोक्यावर गेलं आणि पाय जुळवून ती उभी राहिली. वल्ह्यावर हात टेकून उभ्या राहिलेल्या नावाड्यासारखी, अगदी शांत. हात जागच्या जागी होते. उजव्या कोपरात लहानपणापासूनचा तो बाक होता, रोज संध्याकाळी मी पाहिलेला. माझ्यापुढे दोन बटणं होती. दाखवलं गेलं नव्हतं, म्हणजे नियमाने ती चूक होती. मी लाल दाबलं. फळ्यावर दोन लाल आणि एक पांढरा दिवा लागला. पांढरा माझा नव्हता.

ती बार ठेवून माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. काहीतरी घोटाळा झालाय आणि सर आता उठून तो निस्तरतील, अशा नजरेने.

उठलं कोण, तर ती दुसरी. आपण जिंकल्याचं कळलेलं असताना तिच्या मॅनेजरने धरलेला दंड सोडवून ती थेट ज्युरीच्या, म्हणजे पंचांवर देखरेख करणाऱ्यांच्या, टेबलापाशी गेली आणि तुटक हिंदीत म्हणाली, "इसका हाथ ऐसा ही है. पिछले साल भी ऐसा था. सबको मालूम." ज्युरीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्टरजी, आप तो उधर के ही हैं. आपको मालूम था?"

मी म्हणालो, "स्पर्धेच्या आधी कोणी दाखवला नाही."

शब्दन् शब्द खरा होता. फक्त त्यांनी हे विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीत तिने मला काहीच विचारलं नाही. डब्यातली चपाती नेहमीसारखी अर्धी करून माझ्यापुढे धरली. पुढे ती व्यायामशाळेत येईनाशी झाली. कधी आली तरी बार पुसायची आणि जायची. लग्न होऊन लांज्याला गेली. मग गोदामही पाडलं गेलं. इकडे गावात मात्र एक गोष्ट तयार झाली, आणि ती मी होऊ दिली. कोकणातली पोर, एवढा मोठा हॉल बघून बावरली, ऐन वेळी तिचा हात थरथरला. पुढे माझा सत्कार झाला तेव्हा वक्त्यांनी त्या गोष्टीचं दुसरं टोक पकडलं. स्वतःच्या शिष्येलाही लाल दिवा दाखवणारा निःस्पृह माणूस, म्हणाले. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ घेताना मी वर पाहिलं, तर शेवटच्या रांगेत ती. तीही टाळ्या वाजवत होती.

वाटीतलं तेल तसंच ठेवून मी दुसऱ्या दिवशी लांज्याची एसटी धरली. हायवेपासून थोडं आत, काजूच्या एका कारखान्यामागे तिने पत्र्याची शेड घेतली आहे आणि मुलींना शिकवते, एवढं ऐकून होतो. शेडच्या दाराशी पोचायच्या आधीच तो वास आला.

"सर? अहो, कळवायचं तरी! स्टँडवर कुणाला तरी पाठवलं असतं." ती लगबगीने पुढे आली. केस पांढरे व्हायला लागलेत. "अगो, ते बाकडं पुसा आधी."

बार पुसणाऱ्या मुलींतल्या एकीने विचारलं, "बाई, हेच काय ओ ते लाल दिव्याचे सर?"

"गप गो, तोंडाळ!" ती म्हणाली, पण हसली.

मी बाकावर बसलो आणि सांगून टाकलं. ती मान हलवल्याचं, चहाचं, ज्युरीला दिलेल्या उत्तराचं. तिचा फडका बारवरून फिरतच होता.

"मला ठाऊक आहे, सर. त्या डोंगरातल्या पोरीनं त्याच संध्याकाळी सांगितलं मला, तुम्ही ज्युरीला काय म्हणालात ते. निम्मं हिंदीत, निम्मं खुणांनी. अजून फोन असतो तिचा."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही मान हलवली होतीत ना? म्हटलं, सांगतील. उशीर होतोय, पण सांगतील."

मी म्हणालो, "आज सांगितलं बघ."

तिचा फडका थांबला. "मला काय सांगताय ओ? मला माहीतच होतं. ह्या लोकांना कोण सांगणार? आमच्या सासरीसुद्धा बोलतात, हिचा हात थरथरला म्हणून. परवा माझी पोरगी शाळेतून ऐकून आली. विचारत होती, 'आई, तू घाबरली होतीस?'"

म्हणून हे लिहितो आहे. तिचा हात थरथरला नव्हता. ती घाबरली नव्हती. तिचं कोपर जेवढं सरळ होतं तेवढं पूर्ण सरळ झालेलं होतं आणि ती उचल चांगली होती. संघातली ती जागा तिची होती. तिचा हात पंचांना दाखवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, आणि विचारलं तेव्हाही बोललो नाही. ज्याला निःस्पृहपणा म्हणून शाल-श्रीफळ दिलं गेलं तो, मला कुणी गाववाला म्हणू नये एवढाच धसका होता. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कृपा करून तिच्या मुलीच्या कानावर घालावं.

हे सगळं लिहून लोकांपुढे ठेवतो, असं मी तिला म्हणालो. निघताना ती हायवेपर्यंत सोडायला आली. दिवस मावळतीला होता, काजू भाजल्याचा धूर रस्त्यावर उतरत होता. मला त्या गोदामाची, पश्चिमेच्या खिडकीची फार ओढ लागली. ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती आणि तरी मला तिचीच आठवण येत होती. वळणावर एसटी दिसली. मी काठी सावरीपर्यंत तिने रस्त्याच्या कडेला पुढे होऊन उजवा हात उंच केला. कोपराशी तोच बाक, तेवढाच. तेवढ्या लांबूनही ड्रायव्हरला तो हात दिसला आणि गाडी आमच्यापुढे येऊन थांबली.

"सावकाश जा, सर," ती म्हणाली. "आणि काय म्हणाले ज्योतिषी, ते कळवा."

मागच्या काचेतून मी बघत राहिलो. गाडी वळेपर्यंत तो हात वरच होता.