आण्णांची रिकामी गल्ली

माझ्या वडिलांना, आण्णांना, ते कॅलेंडर मीच आणून दिलं. आता बोल तरी कुणाला लावणार? पानोपानी एकाच फ्रेंच चित्रकाराची चित्रं. पांढरट भिंती, बंद खिडक्या, चढावर वळून जाणारी गल्ली आणि सगळीकडे शांतता. हा माणूस चित्रकलेच्या शाळेत कधी गेलाच नाही, आपला आपण शिकला, असं पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते वाचून आण्णा असे खूश झाले, जणू दोघं एकाच पलटणीत होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तेही असेच आपले आपण रंगवायला शिकले होते.

मला मात्र ती चित्रं बघून कसंतरीच व्हायचं. एवढी घरं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

“आवं आण्णा, ह्यातली माणसं गेली कुठं?” मी एकदा विचारलं.

“असतील घरात. तुला काय करायचंय?”

मी साताऱ्याला असते. आण्णा सांगलीत, नदीजवळच्या गल्लीत, आई गेल्यापासून एकटे. त्या गल्लीला शांतता म्हणून माहीत नाही. स्कूटर, भाजीचे गाडे, दारातली भांडणं. त्यामुळे त्या फ्रेंच माणसासारखं चित्र काही त्यांना जमत नव्हतं. “लोक मदी मदी येत्यात,” ही कायमची तक्रार.

मग एका पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं. कराडला संगमावर नदी फुगली की ते पाणी पुढे सांगलीलाच जाणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मी व्हिडिओ कॉल लावला आणि लगेच निघा म्हटलं. आण्णा हसले. दारासमोरच्या विजेच्या खांबावर मागच्या मोठ्या पुराची रेघ होती आणि आमची पायरी तिच्या वर होती. सांगलीत प्रत्येक घराची अशी एक रेघ असते आणि देवापेक्षा जास्त भरवसा तिच्यावर असतो.

“त्या रेघंच्या वर पाणी कवाच येत न्हाई. आन् आज गल्ली लय झ्याक दिसतीया बघ. कुणी न्हाई.”

त्यांनी फोन फिरवून दाखवला. बंद दारं, बंद खिडक्या, ओली रिकामी गल्ली. हुबेहूब कॅलेंडरचं पान. शेजारी केव्हाच निघून गेले होते आणि माझा बाप दारात खुर्ची टाकून चित्र काढत बसला होता. मी इतकी घाबरले की त्यांच्यावर ओरडलेच. गल्लीच्या टोकाला गटाराच्या झाकणातून काळं पाणी वर येत होतं. ते त्यांना दिसलं नाही, किंवा चित्रात नको होतं.

दुसऱ्या दिवशी फोन लागेना. रस्तेही बंद. मी देवापुढे बसले, पण तोंडातून देवाचं नाव येईना, त्या रेघेला शिव्याच येत होत्या. शेवटी जवळच्या तालमीतल्या पोरांनी होडी घालून आण्णांना घराच्या माळ्यावरून उतरवलं. साताऱ्याला माझ्याकडे पोचले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. शर्टाच्या आत गुंडाळलेलं चित्र तेवढं होतं. चित्र सुरेख आहे. मी ते कपाटाच्या मागे ठेवलंय.

वाटलं, आता तरी धडा घेतील. कसला धडा! गाळ उपसून झाल्यावर त्यांनी नवं पाणी जिथवर चढलं होतं तिथं, माळ्याच्या हातभर खाली, आपल्याच निळ्या ऑइलपेंटनं रेघ मारली. मग खाट, स्टोव्ह आणि रंग माळ्यावर नेले. मी रडले, भांडले, अबोला धरून पाहिला.

“आता कशाचं भ्याव? समदं रेघंच्या वर हाय,” आण्णा म्हणाले आणि परत राहायला गेले.

परवापासून पुन्हा संततधार आहे. धरणाचे दरवाजे उचलल्याचं आज सकाळी कळलं, तसा मी व्हिडिओ कॉल लावला. आण्णा माळ्यावरच्या खिडकीत बसले होते, मांडीवर कागद. त्यांच्यामागे खाली गल्ली दिसत होती. स्कूटर नाही, गाडा नाही, सगळी दारं बंद.

“आण्णा,” मी विचारलं, “गल्लीतली माणसं कुठं गेली?”

त्यांनी कागदावरून मान वर केली नाही.

“असतील घरात.”