घराण्यात कुणाला?

आमच्या मामांची दाढी एका दिवसात तीनदा झालेली मी पाहिली आहे. सकाळी रेणापुरात, दुपारी औशात आणि संध्याकाळी निलंग्यात. तिन्हीकडे नात्यातल्या पोरींसाठी स्थळं होती, आणि स्थळाची खरी माहिती गावच्या सलूनमध्येच मिळते अशी मामांची खात्री. गाल सोलून निघाले तरी बेहत्तर, पण "घराण्यात कुणाचं डोकं फिरलेलं हाय का?" हे कळल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नसत. अख्खं उदगीर त्यांना चौकशीमामा म्हणे.

त्यांचं दुकान बियाण्याचं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. माणसांचंही त्यांना तेवढंच सोपं वाटे. कुणी जरा जास्त हसलं की म्हणत, "बी बघा. आज्जा कसा होता इचारा."

मग माझीच पाळी आली. नोकरी लागून वर्ष झालं आणि माझी झोप उडाली, घास उतरेना, अंघोळसुद्धा जिवावर येई. आई म्हणाली दृष्ट लागली, बाबा म्हणाले मोबाईल, मामी म्हणाली लग्न उरका. मामा तेवढे म्हणाले, "लातूरला डॉक्टर हाय, चल." आणि वाटभर बजावत राहिले, "कुणी भेटलं तर दात दाखवाया आलाव म्हन."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घराण्यात कुणाला असा त्रास होता का?"

झालं! मामा ताठ बसले. "काय इचारलालाव बाई! खानदानी घरानं हाय. समदे निर्व्यसनी. पोरगी सैपाकातबी हुशार हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या. "मी सून शोधत नाहीये, काका. घरात कुणाला उलटा त्रास झाला असेल, म्हणजे दिवसेंदिवस झोप नाही, अंगात भलताच जोर, तर हिची गोळी बदलते. चुकीची दिली तर हिचं दुखणं वाढेल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. उठून दार नीट लावलं.

"मला," ते म्हणाले. "हिच्या आईच्या लग्नाच्या वर्षी. आठ दिस झोपलो न्हाई. दुकानातलं बी रस्त्यानं वाटत फिरलो." घरी आम्हाला 'ॲसिडिटीच्या' म्हणून सांगत, त्या गोळ्यांची पट्टी त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. असा संताप आला मला! जन्मभर लोकांच्या घरात वाकून बघणारा हा माणूस! आणि रडूही तिथंच आलं.

"माज्यामुळं झालं का पोरीला?"

"नुसतं घराण्यातून येत नाही, काका. कामाचा ताण, एकटेपणा, मनात घोळणारे विचार, तेही बघावं लागतं."

"म्हंजे ओल!" मामा एकदम खुलले. "कोरड्या गोणपाटात चांगलं बियाणंबी उगवत न्हाई, बाई." तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन. जेवलीस का, झोपलीस का, आणि शेवटी हमखास, "डोक्यात काय घोळतंय?"

दोन वर्षांनी मला स्थळ आलं. मुलाचे काका चौकशीला उदगीरच्या सलूनमध्ये येऊन बसले आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. शेजारच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून, मामा!

"मला हाय," मामा म्हणाले. "भाचीलाबी हाय. दोघंबी गोळ्या येळेवर घेतो. तुमच्यात तरास असून कोन घेत न्हाई, ते सांगा."

काकांची दाढी अर्धीच राहिली. वस्तरा बाजूला सारून म्हणाले, "आमची वहिनी."

ती वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. आता लातूरला त्यांना मीच घेऊन जाते.

गेल्या वर्षी मामा गेले, हृदयविकारानं, दुकानात बसल्या बसल्या. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी निघाली. त्या दिवसाची गोळी त्यांनी घेतलेली होती.