मागणी नोंदवली

माझ्या काकीला मी फोनवर झापलं, ते अजून मनाला डाचतं.

शेवगावात खताच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी प्रोग्रामिंगची कामं करतो. उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर पाणी पोचवणाऱ्या एका टँकरवाल्यासाठी ॲप करून दिलं होतं. वस्तीवरच्या एकानं बटण दाबायचं, मागणी माझ्या सर्व्हरवर यायची, तिथून टँकरवाल्याच्या सर्व्हरवर जायची आणि दुसऱ्या दिवशी टँकर. आमच्या वस्तीवर बटण दाबायचं काम काकीकडं. पुतण्याचं ॲप म्हणून बायकांनी तिलाच पुढं केलेलं, आणि तिलाही त्याचा लई अभिमान.

माझा सर्व्हर जावास्क्रिप्टमधला. दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला त्यात एक जाडजूड लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड, होती. चांगलं चाललेलं मला बघवलं नाही. अंगात किडा, दुसरं काय. ती काढून हलकी, आटोपशीर लायब्ररी बसवली आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो. जुनी लायब्ररी समोरून नकार आला की आपणहून बोंब मारायची. नवी फक्त लाइन तुटली तरच ओरडते. काहीतरी उत्तर आलं की तिचं काम संपलं. ते उत्तर होकार आहे की नकार, हे तपासायची एक ओळ आपण लिहायची असते. माहितीच्या पानावर हे ठळक लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. उत्तर आलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'मागणी नोंदवली', एवढं ठेवून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात टँकरवाल्यानं आपल्या यादीतला आमच्या वस्तीचा नंबर बदलला. जुन्या नंबरानं आलेली मागणी त्याचा सर्व्हर नाकारू लागला.

तिसऱ्या दिवशी काकीचा फोन आला. "टँकर न्हाई आला रे. म्या तर दाबलं हुतं."

टँकरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्या वस्तीची मागणीच नाही. मग मी काकीवर घसरलो. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो तो लॉग उघडून बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. "काकी, तुला नीट दाबताच येत नाही. कामाच्या वेळी उगाच फोन करतीस."

"व्हय, माझंच चुकलं असंल," ती म्हणाली. "हिरवं आलं हुतं, पर मला मेलीला काय कळतंय."

हिरवं आलं होतं, हे ती सांगत होती. मी फोन ठेवला.

पाचव्या दिवशी लॉग उघडला. काकीनं अकरा वेळा बटण दाबलं होतं. अकराही वेळा तिकडून नकार, अकराही वेळा माझं हिरवं 'नोंदवली'. माझ्याकडचा वस्तीचा नंबर बदलला, राहिलेली ओळ लिहिली, टँकरवाल्याच्या हातापाया पडलो आणि गाडीला किक मारून वस्तीवर गेलो.

रस्त्याकडेला रिकामे ड्रम रांगेत उभे होते. वाऱ्यानं जाऊ नयेत म्हणून प्रत्येकात एकेक धोंडा टाकलेला. बायका लांबच्या विहिरीवरून हंडे घेऊन परतत होत्या. मला बघून एक शेजारीण तिथंच म्हणाली, "तुमच्या काकीला बटन दाबता येत न्हाई. पाच दिस झाले. मोबाईल दुसऱ्या कुनाकडं द्या."

काकी मान खाली घालून उभी होती. "माझीच चूक हाय," ती म्हणाली. "पोरानं चांगलं करून दिलंय."

एक वाक्य बोलायचं होतं मला. सगळ्या बायका समोर होत्या, काकी समोर होती. मी गाडीचं स्टँड लावत बसलो.

काकी घरात गेली आणि फडक्यानं गाळलेलं विहिरीचं पाणी तांब्याभर घेऊन आली. उन्हातनं आलायस, पी म्हणाली. मी सगळं प्यालो.

संध्याकाळी टँकर आला. बटण तेव्हापासून शेजारणीच्या सुनेकडं आहे. ती दाबायला बसली की काकी शेजारी जाऊन उभी राहते आणि तिला बजावते, "नीट दाब बाई. माझ्याकडनं चुकलं हुतं."