टेपवरचा मुलगा

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर टेपरेकॉर्डर सुरू करण्याआधी त्यावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी ऐका, पोट्टेहो. मंग हासा."

चिमण्यांचा चिवचिवाट असो की हृदयाचे ठोके, वाक्य ठरलेलं. सत्तरच्या सुमाराला, नागपुरातल्या ज्या शाळेत मी शिकवायचे तिथं, ते यंत्र म्हणजे भलतं अप्रूप. सर ते रोज फडक्यानं पुसत. आता घरी बायको आणा, म्हणजे याची सुटका होईल, अशी थट्टा मीच केली होती. ते हसले नाहीत. मला तेव्हा काही कळलं नाही.

त्या वर्षी नववी 'अ'मधल्या एका नाजूक पोराला सगळे बायल्या म्हणत. त्यानं शाळेत यायचंच सोडलं. मग सरांनी वर्गाला एक टेप ऐकवली. कुणा मुलाचा पातळ आवाज सांगत होता की मले सगळे बायल्या म्हणतात, म्हणून मी मधल्या सुट्टीत बाहेर जात नाही. मले पोरी आवडत नाहीत, बाकावरचा दोस्त आवडते. यात मी कोणाचं काय चोरलं?

वर्ग चिडीचूप झाला म्हणे. दुसऱ्या दिवशी चार पोरं शाळा सोडलेल्या त्या पोराला घरून घेऊन आली. हे मला पोरांनीच सांगितलं.

मला वाटलं, 'ब' वर्गालाही ऐकवावं. सर रजेवर होते. मी भूगोलाची बाई, यंत्राला कधी हात लावलेला नाही. वेगाचा खटका जलदवर हवा होता, तो हळूवर राहिला. आणि मुलाच्या पातळ आवाजाच्या जागी जाड, संथ आवाज आला. आमच्या सरांचा. त्यांनी स्वतःचं बोलणं हळूवर टेप केलं होतं आणि 'अ' वर्गात जलद लावलं होतं, म्हणून तो आवाज पोराचा वाटला होता.

सगळा वर्ग हसत सुटला. मी घाईनं यंत्र बंद केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोष्ट घरोघरी गेली, आठवड्याभरात पालक हेडमास्तरांच्या खोलीत जमले आणि त्यांनी सरांकडून राजीनामा लिहून घेतला. मी तिथंच उभी होते. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

काटोलच्या बसपाशी मी त्यांना गाठलं आणि रडतच म्हणाले, माझ्याकडून खटका चुकला.

"खटका बरोबरच होता, बाई," ते म्हणाले. "माझा आवाज तोच आहे."

पुन्हा ते दिसले नाहीत.

टेप माझ्याकडेच राहिली. खूप महिन्यांनी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात मी ती हळूवर लावली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. मी बंद केली होती त्याच्यापुढे दोनच वाक्यं उरली होती.

"मी मोठा होऊन मास्तर होईन. माझ्या वर्गात कोणी कोणाले हासणार नाही."