नऊ वाजताचा मंगळ

"तुम्ही लग्न का नाही केलंत?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "मंगळ आहे." विषय तिथेच खलास. समोरची बाई जरा सरकून बसायची, जसं काही माझा मंगळ तिच्या पदराला लागणार होता. मला हसू यायचं आणि डोकंही फिरायचं. पण खरं सांगते, त्या मंगळाचा मला आधारही वाटायचा. आपण एकटे का, याचं कारण आपल्यात नाही, वर आभाळात आहे, असं म्हटलं की निदान स्वतःकडे बघावं लागत नाही.

आम्ही कोलशेतचे कोळी. बाबांची खाडीत होडी होती आणि आई बाजारात मासळी घेऊन बसायची. आमच्यात तेव्हा पत्रिका-बित्रिका कोण बघायचं? घर बघायचे, पोरगा किती पितो ते बघायचे आणि हळदीची तारीख काढायचे. पण मी शिकले, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले, आणि स्थळंही मग तशीच शिकलेली यायला लागली. कल्याणहून एक बँकेतला मुलगा सांगून आला. त्याच्या आईचा निरोप आला, आधी पत्रिका पाठवा. झालं! आमची वरात निघाली टेंभी नाक्याजवळच्या एका गुरुजींकडे. आई, बाबा, आत्या आणि मी. चार दिवसांनी पत्रिका हातात आली ती सप्तमात मंगळ घेऊनच. सप्तम म्हणजे जोडीदाराचं घर. "कडक मंगळ आहे," गुरुजी म्हणाले. "मंगळाचाच मुलगा बघा, नाहीतर नवऱ्याच्या जिवावर बेतेल."

बँकवाले गेले ते गेलेच. त्यांच्यानंतर अजून दोन स्थळं तशीच गेली. चौथा मात्र गेला नाही, त्याला मी घालवला. आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. "मी असलं काही मानत नाही," म्हणाला, "तू हो म्हण, महिन्याभरात रजिस्टर लग्न करू." मी दोन आठवडे त्याला टाळलं आणि मग नाही म्हणून सांगितलं. तो मेला असता तर? हसू नका. मला तो इतका आवडायचा की त्याचं काही बरंवाईट व्हायला नको म्हणून मी त्याला सोडलं. आता डोंबिवलीला राहतो. मध्ये एकदा नातवाला कडेवर घेऊन फिरताना दिसलेला. पोट सुटलंय, बाकी ठणठणीत.

बाबा गेले त्याला बारा वर्षं झाली. आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर घरात निदान भांडण तरी होतं, मीठ जास्त, पंखा कमी, तू मला विचारत नाहीस, असं काहीतरी. ती गेल्यावर कोलशेतच्या त्या नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रीजची घरघर. त्यात मी नोकरीही मुदतीआधी सोडून बसलेले. एका रविवारी संध्याकाळी खाली भाजीवाल्याला "मेथी कशी दिली?" विचारलं तर घशातून आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं, काल दुपारपासून मी कोणाशी बोललेच नव्हते. वर आले आणि मेथी निवडता निवडता रडले. मला खूप एकटं वाटत होतं, आणि ते सांगायलाही कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात मी डोंबिवलीला एका ज्योतिषी काकांकडे गेले. एका जुन्या मैत्रिणीने पत्ता दिलेला. पंचाहत्तरीचे गृहस्थ, स्वच्छ धोतर, टेबलावर पंचांगांचा ढीग आणि शेजारी लॅपटॉप. मी पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "काका, लग्नाचं वगैरे विचारायला आलेले नाही. मला एवढंच सांगा, हे एकटेपण माझ्या नशिबातच होतं का? असेल तर मी आता कुठल्या देवाचं काय करत बसू? कोणी म्हणतं पारायण कर, कोणी म्हणतं ध्यान कर. माझा म्हणून रस्ता कुठला?"

काकांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "जन्मवेळ सकाळी नऊ. नऊ म्हणजे नऊ? पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही?"

"तसंच लिहिलंय."

"असल्या गोल वेळा पाहिल्या की मला शंका येते, ताई. घरात कोणी जन्माबद्दल काही सांगायचं का? शाळेची घंटा, नळाचं पाणी, सूर्यग्रहण, काहीही."

मी म्हटलं, आई एवढंच सांगायची की तू दिवसाढवळ्या झालीस आणि तुझा बापूस तेव्हा घरात होता. होडी चिखलात बसलेली, म्हणून घरात होता, नाहीतर सापडायचा नाही. हा आमच्या घरातला जुना विनोद. शंभर वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि मी मध्येच थांबले. "काका, त्या दिवशी तिथी कुठली होती?"

"अष्टमी."

बाबांचा हिशोब मला लहानपणापासून पाठ. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे समुद्राला सहाला पूर्ण भरती, आणि आमची खाडी आत असल्यामुळे तिथे पाणी यायला तासभर उशीर. सातला भरती, म्हणजे पाणी पार सुकायला दुपारचा एक. "नऊ वाजता आमच्या खाडीत भरपूर पाणी असणार, काका," मी म्हटलं. "बाबा घरात कसे असतील? ते होडीवर असणार! होडी चिखलात बसते ती एकच्या सुमाराला."

काकांना हे नवीनच होतं. त्यांनी मला तो हिशोब दोनदा सांगायला लावला, वहीत उतरवून घेतला, आणि लहान मुलासारखे खूश झाले. मग दुपारी एकची कुंडली मांडली. चार तासांत पत्रिकेतलं लग्न, म्हणजे उगवती रास, दोन राशी पुढे सरकतं आणि सगळी घरं बदलतात. मंगळ सप्तमातून उठून पंचमात जाऊन बसला. काकांनी चष्मा काढला.

"ताई, तुम्हाला मंगळ नाहीच. पंचमातला धरत नाहीत."

माझा आधी विश्वासच बसेना. मग जो काही राग आला! "नाहीच म्हणजे? मग माझं आयुष्य काय फुकट गेलं का? त्या माणसाला मी काय म्हणून नाही म्हटलं?" काका बिचारे पाणी पुढे करून म्हणत होते की पंचम हे उपासनेचं, मंत्राचं घर आहे, तुम्ही रस्ता विचारलात ना, तो बघा इथे आहे. "उपासना घाला चुलीत," मी म्हटलं आणि चप्पल घालून निघाले. म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं. पण बोलले.

बसमध्ये बसून मी एकेकाचा उद्धार केला. त्या गुरुजींचा तर मनसोक्त. मग आईचा. हिला एक वेळ धड सांगता येऊ नये? मग बाबांचा. अष्टमीची ओहोटी झोपेत सांगणारा माणूस, आणि पोरीच्या पत्रिकेच्या वेळी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? एक तरी गुन्हेगार मला हवा होता. त्या दिवशी माझ्याबरोबर गुरुजींकडे आलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, माझी आत्या. घरी न जाता मी सरळ गावठाणात गेले.

आत्या दारात सुकट निवडत बसलेली. पंच्याऐंशीची झाली तरी डोकं शाबूत आहे. मी उभ्या उभ्याच विचारलं, "आत्या, माझी नऊची वेळ गुरुजींना कोणी सांगितली? आईने?"

"तुज्या आयसला घर्‍याल तरी कलायचं का?"

खरंच, आईला घड्याळ कळायचं नाही. "मग बाबांनी?"

आत्याने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आगो, तूच ना! त्यो बिचारा सांगत व्हता, अष्टमीचं पानी सुकलं व्हतं, होरी चिखलान बसली व्हती. तू त्याला कोपर मारलंस. बोललीस, बाबा, तुम्ही गप बसा, हितं असलं काय सांगू नका. आन् गुरुजींना बोललीस, नऊ लिवा."

मी म्हणाले, काहीतरीच काय. पण म्हणतानाच मला सगळं दिसायला लागलं. गुरुजींची ती पुसून लख्ख केलेली फरशी. भिंतीवर संस्कृतात लिहिलेलं काहीतरी. बाबांनी धुतलेला शर्ट घातलेला, तरी त्यांना खाडीचा वास येत होता, आणि तो गुरुजींनाही येत असेल या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गुरुजी विचारत होते घड्याळातली वेळ, आणि माझा बाप चिखल सांगत होता. मी ऑफिसात काम करणारी, साडीला पिन लावून बसलेली मुलगी. मला लाज वाटली. मी नऊ म्हटलं, कारण नऊ हा आकडा नीटनेटका वाटला. बस, एवढंच.

"मंग घरी येईस्तोवर त्यो एक शबुद बोलला नाय," आत्या म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं.

त्यानंतर एकेक स्थळ मोडत गेलं तेव्हा बाबा घरातच होते. वेळ चुकीची आहे हे त्यांना ठाऊक होतं. "पुन्हा एकदा पत्रिका करू या का?" एवढंसुद्धा ते कधी बोलले नाहीत. मी गप बसायला सांगितलेलं ना. मुलगी शिकलेली, तिला जास्त कळतं, असं त्यांना वाटलं असेल. किंवा लागलं असेल. मला माहीत नाही, आणि आता विचारणार कोणाला?

पंधरा दिवसांनी मी पुन्हा डोंबिवलीला गेले. आधी काकांची माफी मागितली, मग जे आत्याने सांगितलं ते सगळं सांगितलं. मला वाटलेलं ते म्हणतील, हेही पत्रिकेत होतं. तसं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, सुटले असते मी. पण काका नुसते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, पंचमात मंगळ म्हणजे माणूस उपासनाही तावातावाने करतो. तुम्ही रोज सकाळी एका जागी बसा. तुमच्या एकवीरा आईचं नाव घ्या, एक माळ. याहून जास्त मला सांगता येत नाही."

बसायला लागले. कसली उपासना आणि कसलं काय! हात माळ ओढतोय आणि डोक्यात माझी सगळ्यांशी भांडणं चालू. त्या बँकवाल्याच्या आईशी, गुरुजींशी, बावीस वर्षांच्या त्या आगाऊ पोरीशी. मधेच कुकर लावायची आठवण. मणी किती झाले ते विसरायचे आणि चिडून परत पहिल्यापासून सुरू करायचे. महिनाभर हेच.

मग एका सकाळी मी माळ खाली ठेवली. समोर आईबाबांचा फोटो होता. देवाला काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून जे खरं होतं ते मोठ्याने म्हटलं.

"बाबा, तुम्ही सांगा. मी नाही बोलत मध्ये."

घरात कोणी बोललं नाही. बोलणार तरी कोण? तरी मी उठले नाही.